मालकाकडून थेट

माणिकबागेत, दुसरा मजला, वन बीएचके,
लिफ्ट नाही, पाणी सकाळी सहा ते आठ.
एवढं टाइप करायला अर्धा तास गेला,
कारण सेमी फर्निश्ड म्हणजे नेमकं किती
हे ठरत नव्हतं.
एक पलंग, दोन पंखे,
खिळे भरपूर.

फोटोंसाठी फरशी पुसली.
मोरीतल्या पाइपाचा गंज दिसू नये म्हणून
पुढे बादली ठेवली.
बादलीचा फोटो छान आला.

मग चौकट आली: भाडेकरू कोण चालतील?
फॅमिली. बॅचलर. कुणीही.
चौदा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता.
तो घुल्यांचा प्रश्न होता.

घुले इस्टेट म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात अर्धं टेबल,
मागे खिळ्यांवर चाव्या,
प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा.
माझा लाल.
एक महिन्याचं भाडं घ्यायचे, दोन्हीकडून,
आणि जुना भाडेकरू गेला की आठवड्याच्या आत
एखादे साठे, एखादे गोगटे
भांग पाडून दारात उभे करायचे.
मला वाटायचं, घर शोधायला
एवढेच येत असतील पुण्यात.

'कुणीही'वर टिचकी मारली.
खरं सांगायचं तर बोट घसरलं.

संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट फोन.
त्यातले अकरा एजंटच, भाडेकरूचा आवाज काढून.
एकाने विचारलं, कुत्रा चालेल?
एकाने विचारलं, आई चालेल? झोपूनच असते.
आणि एक मुलगी, जिना चढता चढता बोलल्यासारखी:
"मॅडम, आधीच सांगते, नाव तरन्नुम तांबोळी,
बारामतीची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे.
नंतर उगाच हेलपाटा नको."
आपण पिनकोड सांगतो ना,
तशी सांगून मोकळी झाली.

मी टेलिफोन खात्यातली. बारा वर्षं ट्रंक बोर्डावर.
कानाला हेडफोन, हातात दोरी,
इकडची पिन तिकडे:
"सांगली, बोला. पुणे लाइनवर आहे."
नंबर विचारायचा. अर्जंट की साधा, ते विचारायचं.
बाकी कोण, कुठला, काय खातो
हे बोर्डावर नव्हतंच.
मग एसटीडी आलं, लोक परस्पर बोलायला लागले,
आणि आम्हाला बिलांच्या तक्रारींवर बसवलं.
मधलं माणूस काढलं की त्याला कसं वाटतं
ते मला कुणी सांगायला नको.
तरी घुल्यांना मी कळवलं नव्हतं.

परवा भाजीच्या गाडीपाशी भेटले.
खिशातून लाल दोरा काढला.
"ही राहिली होती माझ्याकडे."
मी म्हटलं, घुले, असे किती परत पाठवलेत हो?
मेथीच्या जुडीतलं पाणी झटकत म्हणाले,
"मोजले नाहीत. तुम्हीच म्हणाला होतात ना,
पहिल्या वर्षी, जिन्यात,
की बघा, शक्यतो आपल्यातलंच कुणी…"

तेवढंच. अर्धं वाक्य.
उरलेलं अर्धं बोलायचे
ते पैसे घेत होते.
मला ते आठवत नाही.
जिना आठवतो.

तरन्नुमला रविवारी अकराला बोलावलंय.
बादली मोरीतून उचलून ठेवली,
येणाऱ्याला गंज दिसू दे.
काल समोरचे परचुरे सहज थांबले,
"कोण येणारेत म्हणे नवीन?"
मी म्हटलं, मुलगी आहे, लॅबमध्ये.
नाव सांगायचं राहिलं.
राहिलं म्हणजे,
जिन्यातच होतो आम्ही.